मदत हवी आहे: चिंचेच्या झाडाचे वय कागदावर सिद्ध कसे करायचे? हरकतीला गुरुवारपर्यंतच मुदत

टिटवी (धागाकर्ती), शुक्रवार रात्री

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

नेरूळला गावठाणाला लागून असलेल्या एका सेक्टरमध्ये राहते. आज सकाळी दूध आणायला उतरले तर कोपऱ्यावरच्या चिंचेला सुतळीने एक कागद बांधलेला, वर प्लास्टिकची पिशवी. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची जाहीर नोटीस. पावसाळी गटाराचे रुंदीकरण व पदपथ, बाधित वृक्ष २३, त्यांपैकी १९ तोडायचे, ४ पुनर्रोपण. हरकती लेखी, सात दिवसांत. नोटिशीवर तारीख कालची आहे, म्हणजे पुढच्या गुरुवारी मुदत संपते. त्यात मध्ये शनिवार-रविवार.

आधी एक सांगते. गटार नको असे माझे अजिबात म्हणणे नाही. आमचा भाग सखल. खाडीच्या भरतीचे पाणी उलटे शिरू नये आणि पावसाचे पाणी कुठेतरी थांबावे म्हणून सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, इथे धारण तलाव बांधले, ओहोटी लागली की ते पाणी खाडीत जाते. पण मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला की आमच्याकडे तळमजल्यावर घोटाभर पाणी असतेच. समोरच्या वहिनींनी गेल्या जुलैत फ्रिज विटांवर चढवला, तो अजून खाली उतरवलेला नाही. गटार मोठे व्हायलाच हवे. यादीतली बहुतेक झाडे सोनमोहर आणि सुबाभूळ आहेत. तीही जाणार याचे वाईट वाटते, पण माझा जीव अडकलाय तो अनुक्रमांक १७ मध्ये.

अनुक्रमांक १७: चिंच. अंदाजे वय ३५ वर्षे. तोडणे.

३५? माझे लग्न होऊन २९ वर्षे झाली. मी आले तेव्हा या चिंचेच्या सावलीत दोन रिक्षा आणि एक उसाचा गाडा आरामात उभा राहायचा. सहा वर्षांच्या झाडाची अशी सावली पडते का? सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, १९६६ साली लग्न होऊन या गावात आल्या. त्यांना यादी वाचून दाखवली तर म्हणाल्या, "मी आयलू तवा पन ती अवरीच व्हती." झाडाखाली त्यांच्या सासऱ्यांचे खळे होते. भात झोडून झाले की मिठागरावरून परतणारी माणसे तिथेच भाकरी सोडून बसायची. सिडकोची स्थापना मार्च १९७० ची. म्हणजे शहर कागदावर यायच्या आधीपासून हे झाड इथे उभे आहे.

दुपारी लेकीला घेऊन खाली गेले. शिवणाच्या डब्यातली दीड मीटरची टेप, जमिनीपासून साडेचार फुटांवर खडूने खूण केली आणि घेर मोजला. दोन टेपा पूर्ण भरल्या आणि वर ९० सेंटीमीटर. म्हणजे ३ मीटर ९० सेंटीमीटर. लेक एका बाजूने टेप धरून उभी होती तर मला ती खोडाआड दिसतच नव्हती. सध्या झाडावर गाभुळलेल्या चिंचा आहेत, शाळेतून येणारी मुले दगड मारतात. खोडाच्या एका बाजूला गावातल्या बायकांनी लावलेले हळदीकुंकू आहे, किती वर्षांचे असेल कोण जाणे, साल तिथे गुळगुळीत झाली आहे.

वयाबद्दल एवढा हट्ट का, ते सांगते. झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला प्राचीन वृक्ष, म्हणजे हेरिटेज ट्री, म्हटले गेले. शिवाय झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी रोपे लावायची, असेही तेव्हाच आले. म्हणजे ३५ आणि १०० यांत फरक नुसत्या आकड्याचा नाही. ३५ लिहिले की चिंच सोनमोहराच्या रांगेत जाऊन बसते.

जाणकारांनी कृपया सांगावे: सासूबाईंचे तोंडी सांगणे हरकतीत चालते का, की प्रतिज्ञापत्र करावे लागेल? वय दाखवणारा जुना कागद कोणत्या कार्यालयात मिळेल? हरकत सोसायटीच्या लेटरहेडवर एकच द्यावी की प्रत्येकाने वेगळी? आणि नगरसेवकांकडे जायचे तर कोणाकडे? पाच वर्षांहून जास्त प्रशासक होते, आता जानेवारीत निवडणूक झाली, तर एका प्रभागाचे चार नगरसेवक. चौघांची नावेही आमच्या इमारतीत धड कोणाला सांगता येत नाहीत.

सातबारा, शुक्रवार रात्री उशिरा

ताई, जमीन कोणाची होती हे सासूबाईंना माहीत आहे, हीच तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू. भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे संपादित जमिनीचा मोबदला ठरवणारा सरकारी आदेश, शोधा. जुन्या १८९४ च्या कायद्यात जमिनीच्या किमतीखेरीज तिच्यावरच्या उभ्या पिकांचा आणि झाडांचाही विचार मोबदल्यात करायचा होता. त्यामुळे निवाड्यात पुष्कळदा झाडांची यादी सापडते: आंबा इतके, चिंच इतक्या, ताड इतके. आमच्या आजोबांच्या निवाड्यात तर शेवग्याचे एक झाडसुद्धा लिहिलेले आहे. तुमच्या निवाड्यात त्या सर्व्हे नंबरवर चिंच निघाली तर झाड संपादनाच्या वेळी मोबदला देण्याइतके मोठे होते, हे सरकारी कागदच सांगेल.

घरात पत्र्याची पेटी असेल तर आधी ती उघडा. साडेबारा टक्के योजनेचे, म्हणजे जमीन गेलेल्यांना सिडकोने परत दिलेले, भूखंड घेताना बहुतेक घरांनी निवाड्याच्या नकला काढल्या होत्या. घरोघरी पडून आहेत, लोकांना आठवत नाही एवढेच. जमिनीचा सातबारा उतारासुद्धा पाहा, जुन्या हस्तलिखित उताऱ्यांत शेऱ्याच्या रकान्यात कधी कधी झाडांची नोंद असते.

टिटवी

सातबारा, पेटी आहे! माळ्यावर आहे. उद्या उजाडताच काढते.

खाडीकाठ, शनिवार सकाळी

मी याच पट्ट्यात तळमजल्यावर राहतो. राग मानू नका, पण तुमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर असणार. आमच्याकडे जुलैत लहान बाळाला पलंगावर ठेवून आम्ही रात्रभर बादल्या उपसल्या. हे काम आता पावसाळ्याआधी सुरू झाले नाही तर अजून एक वर्ष गेले. एका झाडासाठी सगळे काम हरकतीत अडकले तर आमचे काय?

टिटवी

खाडीकाठ, राग अजिबात नाही. हो, मी तिसऱ्या मजल्यावर राहते. त्या रात्री आमच्या जिन्यात चार घरांतल्या गाद्या होत्या, मीच वर ओढल्या होत्या. म्हणून तर हरकतीत "काम थांबवा" असे एकही वाक्य लिहिणार नाही. गटाराने चिंचेपाशी दोन मीटरचे वळण घ्यावे, एवढेच मागायचे आहे. पलीकडच्या बाजूला भरपूर जागा आहे, बसथांब्यामागे तर नुसता मुरूम पडलाय. तुम्हीही सही केलीत तर हरकतीला वजन येईल. बघा पटतंय का.

हिरवा कंदील, शनिवार दुपारी

मी दुसऱ्या एका महापालिकेच्या उद्यान विभागात २६ वर्षे काढली, आता निवृत्त आहे. प्राधिकरणापुढे विषय कसा येतो ते सांगतो, म्हणजे हरकत कुठे लागते ते कळेल.

प्राधिकरणाचे अध्यक्ष आयुक्त असतात. त्यांच्या टेबलावर झाडे येत नाहीत, तक्ता येतो: क्रमांक, जात, घेर, वय, शेरा. वयाचा आकडा बहुतेक वेळा सर्वेक्षण करणाऱ्या सल्लागाराच्या माणसाने उभ्या उभ्या अंदाजाने टाकलेला असतो. दिवसाला शेकडो झाडे करायची असतात, त्यात चूक होते, मुद्दाम कोणी करतेच असे नाही. त्यामुळे भावना कमी लिहा, तक्त्यातला रकाना पकडा. "अनुक्रमांक १७ च्या वयाची नोंद चुकीची आहे, आधार खालीलप्रमाणे, फेरतपासणी उद्यान अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष जागेवर करावी, निर्णय होईपर्यंत हे झाड प्रस्तावातून वगळावे, आम्हाला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी." एवढ्या वाक्यांना उत्तर द्यावेच लागते. "झाडे आपले मित्र आहेत" याला उत्तर द्यावे लागत नाही.

सोसायटीची एक आणि घरटी वेगवेगळ्या, दोन्ही द्या. एका कागदावर शंभर सह्या असल्या तरी आवक नोंदवहीत ती एकच हरकत ठरते. प्रत्येकाची दुसरी प्रत न्या, तिच्यावर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ईमेलही करा, पण ईमेलवर विसंबू नका. सासूबाईंचे निवेदन साध्या कागदावर, त्यांच्या सहीने किंवा अंगठ्याने, दोन साक्षीदार घेऊन आता जोडा. प्रतिज्ञापत्र सुनावणीच्या वेळी देता येईल.

आणि माहिती अधिकारात अर्ज टाकून वाट बघत बसू नका, उत्तराला ३० दिवस असतात, तोवर सगळे होऊन गेलेले असेल. त्याऐवजी सोमवारी जा. राज्य सरकारचा नोव्हेंबर २०१८ चा निर्णय आहे, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कार्यालयातली कागदपत्रे पाहता येतात. प्रस्तावाची संचिका आणि गटाराचा नकाशा मागा. नम्रपणे मागा, पण निर्णयाची प्रत पिशवीत ठेवा.

नगरसेवकांचे म्हणाल तर चौघांनाही एकच पत्र द्या आणि प्रत्येक पत्रावर बाकी तिघांची नावे लिहा.

रानवाट, शनिवार संध्याकाळी

घेरावरून वय वर्षांत नेमके निघत नाही, आपल्या हवेत तर नाहीच. पण चिंच सावकाश वाढणारी आहे, सुबाभळीसारखी दहा वर्षांत आभाळाला जात नाही. जवळपास कोणाच्या अंगणात लावल्याचे साल माहीत असलेली चिंच आहे का? तिचा घेर मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. फोटोत टेप स्पष्ट दिसू द्या.

अजून एक. कोणी "पुनर्रोपण करू" असे म्हणून समजूत घालायला लागले तर लगेच हो म्हणू नका. एवढ्या घेराच्या चिंचेची मुळे कापून ती दुसरीकडे जगवणे फार कठीण असते. आणि वळण मंजूर झाले तर खोडाला सिमेंट भिडवू देऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या झाडांबाबत खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले होते, त्याचा दाखला द्या.

टिटवी, सोमवार रात्री

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवसांत काय काय झाले ते लिहिते, आणि पुन्हा मदत मागते.

पेटीत निवाडा नव्हता. पण फोटो निघाला. सासऱ्यांच्या धाकट्या बहिणीच्या हळदीचा, मागे स्टुडिओचा शिक्का आणि शाईने लिहिलेले साल १९७१. पाटावर आत्याबाई बसल्या आहेत आणि त्यांच्या मागे अख्ख्या चौकटीभर खोड. डाव्या बाजूला जमिनीपासून पुरुषभर उंचीवर एक फांदी तुटल्याची गाठ आहे, तोंड उघडल्यासारखी. मी फोटो घेऊन झाडाखाली गेले. गाठ तिथेच आहे, आता माझ्या हाताच्या पंज्याएवढी बुजली आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून प्रिंट काढले.

रानवाट, तुमच्या सांगण्यावरून गावातल्या शाळेमागची चिंचही मोजली. मुख्याध्यापिकांनी सांगितले, ती १९९२ मध्ये वनमहोत्सवात लावली होती, नोंद शाळेच्या वहीत आहे. तिचा घेर १ मीटर ४० सेंटीमीटर. वहीच्या त्या पानाची छायाप्रत शाळेच्या शिक्क्यासह मिळाली.

आज तीन वाजता संचिका पाहायला गेले. खाडीकाठ सोबत आले होते, ते मुद्दाम लिहिते. आधी "उद्या या" झाले, मग शासन निर्णयाची प्रत दाखवली आणि एका कनिष्ठ अभियंत्यांनी नकाशा टेबलावर पसरला. ते खरेच नीट बोलले. गटाराची रेषा चिंचेच्या मधोमध जाते, कारण नकाशावर तिथे झाडाचे वर्तुळच इतके लहान काढले आहे की ते सरळ रेषेच्या आड येतेय असे वाटतच नाही. खाडीकाठांनी विचारले, वळण दिले तर पाणी तुंबेल का? अभियंता म्हणाले, वळणावर दोन चेंबर घेतले आणि उतार सांभाळला तर अडचण नाही, पण लेखी हरकत आल्याशिवाय त्यांना रेषा हलवता येत नाही. वयाच्या रकान्याला आधार काय, असे विचारले तर शेऱ्यात "पाहणीवरून" एवढेच होते.

हरकती ४१ झाल्या. उद्या सकाळी दोन प्रतींत नेऊन देणार. खाडीकाठांच्या जिन्यातल्या सहाही घरांनी दिल्या आहेत.

आता सातबारा, तुम्हालाच विचारते. निवाडा मिळवायला सर्व्हे नंबर लागेल. सासूबाईंना शेताचे नाव आठवते, "चिचेची खाचर", नंबर नाही. आमच्याकडे फक्त सेक्टर आणि भूखंड क्रमांक आहे. सेक्टरवरून मूळ गावाचा सर्व्हे नंबर काढायला भूमी अभिलेखकडे गाव नकाशा मागायचा की आधी सिडकोकडे जायचे? सुनावणीची तारीख अजून आलेली नाही, तेवढ्यात हा एक कागद हातात आला तर फार बरे होईल. सासूबाई सुनावणीला स्वतः येणार म्हणतायत. जिना उतरून रिक्षापर्यंत न्यायला दोघे जण लागतील, बुधवारनंतर कोणी मोकळे असेल तर तेही कळवा.