मदत हवी आहे: पहिला स्कूबा सेट, पण खिसा हलका

नमस्कार मंडळी. नुकताच ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचा पहिला) कोर्स झाला, म्हणजे १८ मीटर खोलीपर्यंत जायची मुभा. आता स्वतःचं सामान घ्यायचंय, पण सगळं एकदम परवडणार नाही.

मास्क मात्र नवाच घेणार. भाड्याच्या मास्कने जीव नकोसा केला होता, मिशीपाशी सारखं पाणी झिरपायचं. (मिशी काढ म्हणू नका!) पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढला की मास्क चिकटून राहायला हवा, एवढं शिकलोय.

खरा घोळ पुढे आहे. उरलेल्या पैशांत एकतर नवा साधा डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र) येतो, नाहीतर एक जुना योक जोडणीचा (टाकीच्या व्हॉल्व्हवर शिकंज्यासारखा बसणारा) रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी देणारं यंत्र. विकणारा म्हणतो, जेमतेम २० डाइव्ह झाल्यात. पण ३ वर्षं कपाटात पडून, सर्व्हिसिंग शून्य. माउथपीस दातांनी कुरतडलेलं, आणि होज (हवेची नळी) वाकवला की धातूच्या टोकाशी बारीक भेगा दिसतात. सर्व्हिसिंग आणि नवा होज धरला तर हा सौदा अंगाशी येईल का?

वर्षाला फार तर १०-१२ डाइव्ह होतील. माझा कल कॉम्प्युटर घेऊन रेग्युलेटर आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) भाड्यानेच वापरण्याकडे आहे. तुम्ही आधी काय घेतलंत? पायातले फिन्स जुने चालतील ना?