मदत हवी आहे : सर्किट आणि सायकल यातला फरक, पालखीच्या वाटेवर अडकलोय

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता बेळगावात इंजिनिअरिंगला. वर्गात शिकवणं इंग्रजीत, शंकेचं उत्तर कानडीत. दोन्ही समजतं, पण ग्राफ थिअरीतली (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित) ही गोष्ट आपल्या भाषेत डोक्यात बसल्याशिवाय पुढं जाववत नाही.

वहीत असं आहे: निघालो तिथंच परत आलो आणि एकही एज (रेषा) दुसऱ्यांदा वापरली नाही, तर सर्किट. त्यात एकही व्हर्टेक्स (ठिपका) दुसऱ्यांदा आला नाही, तर सायकल. पहिला आणि शेवटचा तेवढा एकच चालतो.

मग मी आमच्या गावच्या पालखीची वाट काढून बघितली. देऊळ म्हणजे द. तिथून निघून वरच्या गल्लीचे दोन कोपरे क, ख करून पालखी देवळासमोर परत येते, आरती होते, मग खालच्या गल्लीचे ग, घ करून पुन्हा देवळाशी. द–क–ख–द–ग–घ–द. पाच व्हर्टेक्स, सहा एज. परत येतो तो फक्त द, आणि पहिल्या-शेवटच्याला तर सूट आहे. मग ही सायकल का नाही? टेस्टमध्ये सायकल लिहिलं, दोन मार्क गेले. शेरा एवढाच, ‘द रिपीट’.

शिवाय केनिग्जबर्ग शहराच्या कोड्यात सातही पूल एकेकदाच ओलांडून परत यायची जी वाट शोधतात, तिला एका पुस्तकात ऑयलर सर्किट म्हटलंय, दुसऱ्यात ऑयलर सायकल. सोमवारी इंटर्नल आहे, कुणीतरी नीट सांगा की.

प्रतिसाद १

देवळापासून सुरुवात धरलीस म्हणून गोंधळ झाला. पालखी क पासून निघाली असं समज: क–ख–द–ग–घ–द–क. रस्ते तेच, पण द आता मधेच दोनदा आला. सायकल आहे की नाही हे कुठून निघालो यावर ठरत नाही. सूट आहे ती वाट बंद होण्यापुरती. खूण सांगतो: सायकलमध्ये प्रत्येक व्हर्टेक्सला वाटेतल्या दोनच एज लागतात. तुझ्या द ला चार लागल्यात. म्हणजे तिथं दोन सायकली एकमेकींना चिकटल्यात. कुठलंही सर्किट असं सायकलींत सुटं करता येतं.

पुलांच्या बाबतीत ‘सायकल’ हा शब्द सैल वापरतात. अट फक्त एजची, व्हर्टेक्स कितीदाही येऊ दे. सगळ्या एज घेणारं सर्किट हवं तर जोडलेल्या ग्राफात प्रत्येक व्हर्टेक्सची डिग्री (त्याला लागलेल्या एजची संख्या) सम लागते. केनिग्जबर्गात पुलांनी जोडलेल्या चार भागांच्या डिग्री ५, ३, ३, ३, म्हणून जमत नाही. तुझ्या पालखीत ४, २, २, २, २, म्हणून जमतं.

धागाकर्ता

क पासून काढून बघितलं, एकदम पटलं. आता टिळकवाडीची तीन रेल्वे गेटं घेतली. रुळाच्या दोन बाजू हे व्हर्टेक्स, गेटं या एज. पहिल्यानं पलीकडं, दुसऱ्यानं अलीकडं, तिसऱ्यानं पुन्हा पलीकडं, आणि घर अलीकडं. डिग्री ३ आणि ३, म्हणून तिन्ही घेणारं सर्किट नाही. पण पहिलं आणि दुसरं एवढीच धरली, तर दोन एजची सायकल म्हणायची का?

प्रतिसाद २

होय, मल्टिग्राफ (त्याच दोन व्हर्टेक्समध्ये एकाहून जास्त एज चालतात असा ग्राफ) असेल तर. गेटं वेगळी म्हणून एज वेगळ्या. साध्या ग्राफात, म्हणजे दोन व्हर्टेक्समध्ये एकच एज चालते तिथं, मात्र सायकलला कमीत कमी तीन एज लागतात.