दोर सुंभाचा होता

बी-३०४ ताई: नमस्कार सगळ्यांना. गणपतीत मुलांच्या घरच्या गोष्टींचं ॲनिमेशन दाखवायचं ठरलंय त्याबद्दल थोडं मोठं लिहितेय, वाचा प्लीज. आत्तापर्यंत ९ वह्या आल्या, त्यातल्या ६ पालकांनीच लिहून दिल्यात हे लगेच कळतं. "समुद्रकिनारी एक निसर्गरम्य गाव वसले होते" असं आठ वर्षांचं पोर लिहितं का? उलट सी-१०२ च्या धाकटीने पणजीची रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, गोष्ट जशी ऐकली तशी मालवणीत उतरवलीय, "आमी ल्हान असताना रापण लागली की धावत जायचो, दोरयेक हात लावलो की वाटो गावायचो". वाचून मला मालवणच्या दांडीचा किनाराच दिसला.

ए-२०१ काका: गोड आहे पण ताई, गणपतीत पुण्यामुंबईचे पाहुणे पण असतात, शुद्ध मराठीत नको का? रामायणातला प्रसंग घेतला तर सगळ्यांना ओळखीचा.

बी-३०४ ताई: रामायणाला माझी ना नाही काका. आपल्या पिंगुळीची ठाकर मंडळी चित्रकथीत रामायण-महाभारतच सांगत आलीत, एकेक चित्र पुढे धरायचं आणि गाऊन सांगायचं, परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली ती ह्याच कलेसाठी. रविवारी मुलांना तिकडे नेऊया, चित्र हलत नसताना गोष्ट कशी पुढे सरकते ते त्यांनी बघायला हवं. पण रामायण सांगणारे खूप आहेत, पणजीची रापण ती गेली की कोण सांगणार? आणि "वाटो" काढून "हिस्सा" लिहिला तर बोलणारी ती राहतच नाही. पाहुण्यांसाठी खाली मराठी ओळ टाकू.

ए-४०२ दादा: एआयला सांगून दोन मिनिटात व्हिडिओ होईल की, एवढी मेहनत कशाला

सी-१०२ वहिनी: करून बघितलं भावजी. होडी कुठली तरी भलतीच आली आणि माणसं एका गळाने मासे धरतायत. रापण म्हणजे होडीतून जाळं अर्धगोल टाकत जायचं आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, ते त्याला समजलंच नाही. पोरगी हिरमुसली.

बी-३०४ ताई: म्हणूनच कागद कापून, चित्र थोडं थोडं सरकवत दर वेळी फोटो काढून करायचं. सेकंदाला १२ फोटो धरले तरी एका मिनिटाला ७२० होतात, म्हणून गोष्ट एका प्रसंगाची हवी, अख्खा जन्म नको. फोन स्टँडला चिकटपट्टीने पक्का बांधायचा आणि खिडकी बंद करून ट्यूबलाइटवरच काढायचे, नाहीतर ढग आला गेला की चित्र लुकलुकतं, माझ्या पोराचे २०० फोटो असेच फुकट गेले. अजून एक, कोणाच्या घरातलं दुःख गोष्टीत असेल, बुडालेलं माणूस वगैरे, तर आधी घरच्या मोठ्यांना विचारा, ते नको म्हणाले तर ती गोष्ट आपण घ्यायची नाही.

ए-२०१ काका: हे बरोबर. माझ्या नातवाला आता मी काहीच सांगणार नाही काय लिहायचं ते. फक्त आमच्या घरी गौरीला जे करतात ते त्याच्या आजीकडून ऐकून घे म्हटलं.

सी-१०२ वहिनी: 🙏 काका. आत्ताच पणजीला पहिलं चित्र दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघत होती, मग म्हणते, "दोर असो निळो नाय होतो गे, सुंभाचो होतो, हात सोलवटायचे". पोरीने नायलॉनचा दोर रंगवला होता, तिने तोच बघितलाय ना.

बी-३०४ ताई: मग रंगवू नका, खराखुरा सुंभच चिकटवा कागदावर. माझ्याकडे माळ्यावर आहे, पाठवते पोराबरोबर. आणि ते "हात सोलवटायचे" पणजीच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा आजच.