नाशिकचं लग्न, ढोल आणि अर्णवचा हेडफोन (तातडीचं!)

मृणाल:
मंडळी, शनिवारी निघतोय. भाच्याचं लग्न मखमलाबाद रोडच्या लॉन्सवर. हळदीला डीजे, वरातीला नाशिक ढोल. आमच्या अर्णवला ऑटिझम (स्वमग्नता) आहे, मोठा आवाज सोसत नाही. आणि त्याचा तो हिरवा, कान झाकून आवाज अडवणारा हेडफोन (गणपतीत सगळ्यांनी पाहिलाय) काल मधोमध तुटला. नवा इथे वेळेत येत नाही. नाशिकला लहान मापाचा कुठे मिळेल? वर ताईचं म्हणणं, फोटोत ते कानावर नको, व्याही काय म्हणतील.

शशीकाका:
हेडफोन कशाला? दोन दिवस ढोल ऐकला की होईल सवय. आमचा पुतण्या चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, आज वकील आहे, थांबवावा लागतो. तुम्ही घरात मराठी-इंग्रजी दोन्ही बोलता, पोर गोंधळणारच.

विनया:
काका, पुतण्या बोलत नसला तरी हाक मारल्यावर वळत होता ना? विमान दिसलं की बोट दाखवून आईकडे बघत होता? डॉक्टर हेच विचारतात. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांमध्ये ऑटिझमची शक्यता चाचपायला एम-चॅट नावाची प्रश्नावली आहे, ती पालकांनीच भरायची. ऑटिझमचं निदान त्यावर होत नाही, पुढे तपासायचं की नाही एवढं कळतं. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही, वाढतही नाही. मराठी बंद केलंत तर आजीशी कोण बोलणार? आवाजाचंही तसंच. डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तिकेमध्ये आवाज, स्पर्श, उजेड यांचा अति त्रास होणं किंवा अजिबात न जाणवणं हे निदानाच्या निकषांतच घातलंय. तो हट्ट नव्हे.

सुहास:
आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या) लशीनंतर गप्प झाला म्हणतात. फक्त सांगतोय.

विनया:
नका सांगू! ती लस देतात वर्षाच्या आसपास आणि लक्षणं नजरेत भरतात तीही त्याच सुमारास, म्हणून लोक सांगड घालतात. ही लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला १९९८ चा तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला.

सचिव:
ही ईमेल-यादी मंडळाच्या सूचनांसाठी आहे. आरोग्याचे विषय आरोग्य उपसमितीकडे, म्हणजे माझ्याकडेच, आधी पाठवावेत. सहलीची वर्गणी बऱ्याच जणांची बाकी आहे.

प्रदीप (इंदिरानगरवाला):
सचिवसाहेब, उपसमितीची बैठक होईपर्यंत नवरी सासरी पोचेल. मृणाल, सातपूर-अंबडला एमआयडीसीमुळे सेफ्टीच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे इअरमफ (कारखान्यात आवाज अडवायला कानावर घालतात ते) माग. ते मोठ्यांचे असतात. पट्टी सरकवून लहान करता येणारा घे, तरी सैल पडला तर आतून रुमालाची घडी. पोचल्या पोचल्या घरातच घालून बघ, थेट वरातीत नको. लॉन्सवाल्याकडून वधूपक्षाच्या खोल्यांपैकी मागची एक आधीच मागून ठेव. आणि ढोलवाल्यांना सांगून काही होत नाही, वरात निघाली की अर्णवला गाडीत घालून गंगापूर रोडला चक्कर मारायची.

शशीकाका:
ढोल मात्र नाशिकचाच. पुण्याच्या पथकांना ती सर नाही.

प्रदीप:
ह्यावर वेगळा धागा काढा काका, मी येतो.

मृणाल:
प्रदीप, दीर अंबडलाच कामाला आहे, त्याला आत्ताच फोन केला. विनया, तुझं ते हाकेचं आणि बोटाचं ताईला जसंच्या तसं पाठवू का? तिच्या धाकटीचंही तिला मनातून काहीतरी वाटतंय. दोन वर्षांची आहे.

विनया:
पाठव. प्रश्नावलीची मराठी प्रत मिळते का बघते, शुक्रवारी फोन कर.