ब्रॅम्प्टन/मिसिसागा: आईला अपॉइंटमेंटशिवाय वॉक-इन क्लिनिकमध्ये न्यायचंय, ओहिप (ओंटारियोचा सरकारी आरोग्य विमा) नाहीये, सल्ला हवा

रानवारा
नमस्कार मंडळी. आई नाशिकहून सुपर व्हिसावर (आईवडिलांसाठीचा लांब मुदतीचा व्हिजिटर व्हिसा) आलीये आमच्याकडे कॅनडात ब्रॅम्प्टनला, वय ६८, बीपी आणि शुगर दोन्ही आहे पण कंट्रोलमध्ये. आल्यापासून तिला कोरडा खोकला लागलाय तो हटतच नाहीये. ताप नाही, कफ नाही, दम लागत नाही, फक्त ढास, आणि रात्री आडवी झाली की जास्त. मध, हळद-दूध, ज्येष्ठमध, वाफ, सगळं करून झालं. दुसरं म्हणजे बीपीच्या गोळ्याही संपत आल्यात.

आमच्याकडे ओहिप आहे पण आम्हालाच अजून फॅमिली डॉक्टर मिळालेला नाही, त्यामुळे ओळखीचं कोणी नाही. वॉक-इनमध्ये ओहिप नसलेल्या माणसाला बघतात का, साधारण पैसे कसे घेतात, इन्शुरन्स आहे त्याचा क्लेम कसा होतो, बरोबर काय न्यावं? आई एकच धरून बसलीये की एवढ्याशा खोकल्याला डॉलर कशाला घालवता, नाशिकला गेल्यावर दाखवू. पण ती जायला अजून बरेच महिने आहेत आणि मला ते असं अंगावर काढू द्यायचं नाहीये. कोणी अलीकडे आईबाबांना नेलं असेल तर प्लीज सांगा.

कऱ्हाडकर_मिसिसागा
बघतात हो. तपासणीची फी काउंटरवर आधी भरायची आणि मग इन्शुरन्सकडून परत मागायची, असं असतं. पण प्रत्येक क्लिनिक ओहिपशिवायचा पेशंट घेतंच असं नाही, आणि फी ज्याची त्याची वेगळी आहे, म्हणून घरातून निघायच्या आधी फोन करून विचारा की व्हिजिटर पेशंट बघता का, तपासायचे किती, आणि आज नवीन नावं घेणं चालू आहे का. हे तिसरं फार महत्त्वाचं. दारावर संध्याकाळी आठपर्यंत असं लिहिलेलं असतं पण यादी भरली की त्याआधीच नोंदणी बंद करतात आणि म्हातारं माणूस थंडीत घेऊन गेलेलो आपण परत फिरतो. सकाळी उघडायच्या थोडं आधी पोचलेलं सगळ्यात बरं. सोमवार टाळता आला तर टाळा, शनिवार-रविवारचे साठलेले सगळे सोमवारी येतात.

आणि आता बऱ्याच ठिकाणी पाटीवर वॉक-इन लिहिलेलं असतं पण प्रत्यक्षात त्याच दिवशीचा स्लॉट सकाळी ऑनलाइन घ्यावा लागतो. मेडिमॅप म्हणून साइट आहे, तिच्यावर जवळची क्लिनिक आणि त्यांचा वेटिंग टाइम दिसतो, सगळी नसतात तिथे पण सुरुवात करायला चांगली आहे. एक नाव घेऊन इथेच जा असं मी मुद्दाम सांगत नाही, कारण वॉक-इनला डॉक्टर दिवसागणिक बदलतात, आज ज्यांना मी चांगलं म्हणेन ते तुम्ही जाल तेव्हा असतीलच असं नाही.

सगळ्यात आधी मात्र इन्शुरन्सला फोन करा. पॉलिसीच्या कार्डावर चोवीस तासांचा असिस्टन्स नंबर असतो. उपचाराच्या आधी कळवलं पाहिजे अशी अट बऱ्याच पॉलिसीत असते, नाही कळवलं तर क्लेम कमी होऊ शकतो. काही कंपन्यांची ठरलेली क्लिनिक असतात, तिथे गेलं तर खिशातून भरावंच लागत नाही, तेही तेव्हाच कळेल. आणि डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपण स्वतः भरायचा हिस्सा, किती ते बघा, प्रीमियम कमी व्हावा म्हणून ५०० किंवा १००० डॉलरचं घेतलेलं असेल तर साध्या तपासणीचं काहीच परत मिळणार नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

नॉर्थयॉर्कचा_नंदू
मी तर म्हणतो सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. एक्स-रे, रक्त, सगळं एका छताखाली होतं. सुपर व्हिसाला १ लाख डॉलरचं कव्हर कंपल्सरीच आहे ना, मग ते वापरायचं कधी?

कऱ्हाडकर_मिसिसागा
नंदू, नको रे. इमर्जन्सीत कोण आधी आलं ते बघत नाहीत, नर्स ट्रायाज करते, म्हणजे दुखणं किती गंभीर ते ठरवते, १ ते ५ अशा पातळ्या असतात, १ म्हणजे जीवावरचं. ताप नाही, दम नाही, नुसता खोकला असलेली व्यक्ती ४ किंवा ५ मध्ये जाणार आणि तिच्यानंतर आलेले अनेक जण तिच्या आधी आत जाणार. काकूंना तासन् तास त्या खुर्चीवर बसवायचं कशाला. शिवाय ओहिप नसेल तर हॉस्पिटलचं बिल वेगळं, डॉक्टरांचं वेगळं आणि दोन्ही वॉक-इनपेक्षा पुष्कळ जास्त. उद्या खरंच काही मोठं झालं तर ते एक लाखाचं कव्हर त्याच्यासाठी आहे.

पण रानवारा, छातीत दुखलं, दम लागला, बोलता बोलता जीभ जड झाली, तोंड एका बाजूला वाकडं दिसलं, एक हात उचलेनासा झाला, तर क्लिनिक शोधत बसायचं नाही, थेट ९११. ओहिप नसलेल्याला इथे अॅम्ब्युलन्सचं २४० डॉलर बिल येतं, येऊ दे. हे काकूंना आत्ताच समजावून ठेवा, कारण बिलाच्या भीतीनं आपले आईवडील दुखणं लपवतात, आणि दिवसा आपण ऑफिसात असताना घरी त्या एकट्या असतात.

मधला मार्ग हवा असेल तर ब्रॅम्प्टनमध्ये पील मेमोरियलला अर्जंट केअर आहे. पाय मुरगळला, टाके घालायचे आहेत, एक्स-रे लागेल असं वाटतंय, अशा वेळी ते चांगलं. तिथेही ओहिप नसेल तर हॉस्पिटलचे दर लागतात हे लक्षात ठेवा.

औषधवाली
मी इथे फार्मसीत काम करते म्हणून विचारते, आईंची बीपीची गोळी नेमकी कुठली? पाकिटावर बारीक अक्षरात आतल्या औषधाचं नाव असतं ते सांगा, ब्रँडचं नाव इथे कोणाला कळत नाही.

रानवारा
ताई, कार्डेस ५ आहे, आत रॅमिप्रिल लिहिलंय. आधी अॅम्लोडिपिन होती पण पायाला सूज यायला लागली म्हणून निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी बदलून दिली. शुगरला ग्लायकोमेट.

औषधवाली
मग हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं ती सगळी एका कुळातली औषधं, आणि त्यांचा ओळखीचा साइड इफेक्ट म्हणजे हाच, कोरडा, घशात खवखवणारा, रात्री वाढणारा खोकला. घेणाऱ्या दहातल्या एखाद्याला होतो, बायकांना जास्त. गोळी सुरू केल्यावर लगेच होतो किंवा काही आठवड्यांनी, म्हणून कोणाच्या डोक्यात येत नाही की हा गोळीचा आहे, लोक सिरप बदलत बसतात. आईंचा याच्यामुळेच आहे असं मी इथे बसून म्हणू शकत नाही, छाती तपासल्याशिवाय कोणीच म्हणू शकत नाही, पण गोळी कधी सुरू झाली आणि खोकला कधी सुरू झाला या दोन तारखा कागदावर लिहून न्या.

आणि कृपा करून स्वतःहून गोळी बंद करू नका. बीपी एकदम वर गेलं तर खोकल्यापेक्षा ते भारी पडेल. याच औषधावर क्वचित कोणाला ओठ, जीभ, चेहरा सुजतो, तसं झालं तर ते ९११ चं काम.

गोळ्यांचं म्हणाल तर भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इथे औषध देता येत नाही, आम्हाला कॅनडातल्याच डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं, त्यामुळे त्याच फेरीत बीपी-शुगर दोन्हीचं लिहून घ्या. काही ठिकाणी एका भेटीत एकच तक्रार ऐकतात, म्हणून रिसेप्शनलाच सांगा की खोकला आहे आणि रोजच्या गोळ्याही संपताहेत. सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, नुसते फोटो नकोत, आणि घरी बीपीचं मशीन असेल तर आठवडाभराचे आकडे लिहून न्या.

तोपर्यंत सर्दी-खोकल्याचं काही विकत घेणार असाल तर फार्मासिस्टला विचारूनच घ्या. नाक मोकळं करणाऱ्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्यांनी बीपी चढतं, आणि सिरपांमध्ये साखर असते. डोकं-अंग दुखलं तर आपली क्रोसिन किंवा डोलो म्हणजे इथलं टायलेनॉल, पाकिटावर अॅसिटामिनोफेन लिहिलेलं असतं, तेच औषध आहे. दोन्ही एकत्र देऊ नका म्हणजे झालं.

सायली_वॉटरलू
आम्ही सासूबाईंना नेलं होतं त्यावरून एक सांगते, आत त्यांच्याबरोबर तुम्ही जा, पण डॉक्टरांनी विचारलेलं आधी त्यांना मराठीत पूर्ण सांगा आणि त्यांचं उत्तर पूर्ण ऐका. आपण घाईघाईत त्यांच्या वतीनं उत्तरं देतो आणि त्यांना रात्री छातीत जळजळतं हे आपल्याला माहीतच नसतं. डॉक्टरांकडे वेळ खरंच कमी असतो, त्यामुळे महत्त्वाचं पहिल्या दोन वाक्यांत.

रात्री-अपरात्री काही वाटलं तर ८११ लावा. हेल्थ८११, ओंटारियो सरकारचं आहे, नर्स बोलते, चोवीस तास, फुकट. जवळ कुठलं क्लिनिक उघडं आहे तेही सांगतात, आणि दुभाषाही मागता येतो.

टिकटॉक_नाही_घड्याळ
मला वेगळी शंका आहे, ओहिपवाल्यांनी वॉक-इनला गेलं तर आपला फॅमिली डॉक्टर यादीतून काढून टाकतो म्हणतात ते खरंय का?

औषधवाली
अर्धं खरं. तुम्ही एखाद्या डॉक्टरकडे रोस्टर झालेले असाल, म्हणजे त्यांचा पेशंट म्हणून नोंदणीचा फॉर्म सही केलेला असेल, आणि बाहेरच्या वॉक-इनला गेलात तर त्या डॉक्टरांना मिळणाऱ्या पैशांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. वारंवार झालं तर काही जण पेशंटला विचारणा करतात, क्वचित काढतातही. म्हणून आधी त्यांच्या ऑफिसला फोन करा, बहुतेक ग्रुप्सचं संध्याकाळचं आणि शनिवार-रविवारचं आफ्टर-अवर्स क्लिनिक असतं, तिथे गेलेलं चालतं. डोळे आले, साधं युरिन इन्फेक्शन, कीटक चावला, अॅलर्जीची सर्दी, असल्या काही ठरावीक तक्रारींवर २०२३ पासून आम्ही फार्मासिस्टच औषध लिहून देऊ शकतो, त्यासाठी क्लिनिकला जायचीही गरज नाही. ओहिप असेल तर त्याचे पैसे पडत नाहीत, व्हिजिटरला फी लागू शकते. खोकला त्या यादीत नाही, बीपी तर नाहीच.

रानवारा, तुम्ही दोघांनीही हेल्थ केअर कनेक्टवर नाव घाला, फॅमिली डॉक्टरसाठी. वेळ लागतो पण नावच नसेल तर नंबर लागणार कसा.

कोथरूडची_मैना
मी पुण्याहून वाचतेय, आम्ही दोघं मे महिन्यात लेकीकडे स्कारबरोला येतोय. निघण्यापूर्वी काय करून ठेवावं?

कऱ्हाडकर_मिसिसागा
मैनाताई, तुमच्या डॉक्टरांकडून एका पानावर इंग्रजीत लिहून घ्या, आजार कोणते, औषधांची आतली नावं, डोस, कधीपासून, अॅलर्जी कशाची. मागचा ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट फोनमध्ये ठेवा. गोळ्या चिठ्ठीसकट मूळ पाकिटात आणा, सुट्या डबीत नको.

दुसरं पॉलिसीतलं. जुन्या आजारांसाठी 'स्टेबल' अशी अट असते, म्हणजे पॉलिसी सुरू व्हायच्या आधीचे ९० किंवा १८० दिवस त्या आजाराचं औषध किंवा डोस बदललेला नसावा, किती दिवस ते पॉलिसीप्रमाणे. बदललेला असेल तर त्या आजाराशी संबंधित क्लेम नाकारू शकतात. म्हणून गोळी बदलायची असेल तर ती आत्ताच, लवकर बदलून घ्या, तिकीट हातात आल्यावर नको. अर्थात गरज असताना इन्शुरन्ससाठी औषध बदलायचं थांबवू नका, तब्येत आधी. पण जे बदललंय ते विमा एजंटला खरं सांगा.

रानवारा
अपडेट देते, सगळ्यांचे खूप आभार. इन्शुरन्सला फोन केला, गोळी निघायच्या महिनाभर आधी बदललेली असल्यामुळे बीपीचं म्हणून कव्हर मिळेलच असं नाही म्हणाले, पण पावती आणि डॉक्टरांच्या नोट्स पाठवा, बघतो. मग ठरवलं की मिळो न मिळो, दाखवायचंच. दोन क्लिनिक व्हिजिटर घेत नव्हती, तिसऱ्यानं हो म्हटलं, सकाळी उघडायच्या आधी गेलो.

डॉक्टरबाई शांतपणे ऐकणाऱ्या होत्या. तारखांचा कागद बघितला, छाती, घसा, बीपी तपासलं, पायाची सूज बघितली आणि म्हणाल्या गोळी बदलू या. रॅमिप्रिल बंद करून टेल्मिसार्टन दिलीये, खोकला जायला काही आठवडे, कधीकधी तीनेक महिनेही लागतात म्हणाल्या. खात्री म्हणून छातीचा एक्स-रे आणि किडनी-पोटॅशियमची रक्ततपासणी लिहून दिली. ती क्लिनिकमध्ये होत नाही, एक्स-रे वेगळ्या सेंटरला आणि रक्त लॅबमध्ये, दोन्हीकडे ओहिप नसल्यामुळे वेगळे पैसे, त्याच्याही पावत्या ठेवल्यात. शुगरची गोळीही लिहून दिली. आईच बाहेर आल्यावर म्हणाली बरं झालं आलो.

आता प्रश्न असा की रिपोर्टचं कोण सांगणार? काउंटरवर म्हणाले काही असेल तर फोन करू.

औषधवाली
वा, छान झालं. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका. एक्स-रे झाल्यावर चार-पाच दिवसांनी तुम्हीच क्लिनिकला फोन करा आणि रिपोर्ट आला का, डॉक्टरांनी बघितला का असं विचारा. त्याची कॉपी मागून घ्या, क्लेमलाही लागेल आणि नाशिकच्या डॉक्टरांनाही. लॅबचे रिझल्ट ऑनलाइन बघता येतात, ओहिप नंबर नसेल तर कसे ते रक्त देतानाच विचारा. बीपी रोज एकाच वेळी, पाच मिनिटं शांत बसल्यावर मोजा आणि लिहा. नवीन गोळीवर दोन-तीन आठवड्यांनी परत दाखवायला लागेल, तेव्हा शक्यतो त्याच क्लिनिकला जा, त्यांच्याकडे फाइल असते, आणि या डॉक्टर कुठल्या वारी असतात ते फोनवर सांगतात. उरलेल्या कार्डेसच्या गोळ्या घरात ठेवू नका, आईंच्या हातून चुकून दोन्ही घेतल्या जातील. कुठल्याही फार्मसीत नेऊन द्या, आम्ही परत घेतो.

रानवारा
आजच नेऊन देते ताई. क्लिनिकचं नाव हवं असेल त्यांनी मेसेज करा, फोन करून विचारूनच जा मात्र.