मॅमोग्राफीची तारीख जवळ आली की झोप उडते. आपण काय करता?

निशिगंध

सर्वांना नमस्कार. मी ४७ वर्षांची असून कराडजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. अडीच वर्षांपूर्वी डाव्या स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचे निदान झाले. स्तन राखून गाठ काढण्याची शस्त्रक्रिया, त्यानंतर किमो आणि रेडिएशन असे सगळे यथासांग पार पडले आणि आता रोज रात्री टॅमॉक्सिफेन या हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या औषधाची २० मिलिग्रॅमची एक गोळी एवढेच औषध उरले आहे. उपचार चालू असताना मी फारशी डगमगले नाही असे घरचे म्हणतात, आणि ते खरेही आहे, कारण तेव्हा दर आठवड्याला काही ना काही करायचे असे. आता करण्यासारखे काहीच नाही, ठरलेल्या तारखेला जाऊन तपासून यायचे तेवढे आहे, आणि नेमके तेच मला जमेनासे झाले आहे.

यंदाची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, पुढच्या महिन्याच्या १८ तारखेला आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या चौकटीभोवती गोल केला त्या दिवसापासून पहाटे तीनला जाग येते, हात आपोआप व्रणाकडे जातो आणि मग बोटांना जे जे लागते ते नवीनच आहे असे वाटू लागते. परवा सातवीच्या उत्तरपत्रिका तपासताना एकाच मुलाच्या गुणांची बेरीज तीनदा केली आणि तिन्ही वेळा वेगळी आली. शेवटी शेजारच्या बाईंना करायला सांगितली.

याला मागच्या वर्षीचा अनुभवही कारण असावा. तपासणी झाल्यावर मला बाहेर बसवले, पुन्हा आत बोलावून आणखी दोन फोटो काढले, आणि कोणी काही सांगितले नाही. शनिवारी रात्री नऊच्या सुमारास मोबाइलवर रिपोर्टची लिंक आली. त्यात ‘वर्ग ०’ असे लिहून पुढील तपासणी करण्याची सूचना होती. डॉक्टर भेटणार सोमवारी. त्या दोन रात्री मी देवघरासमोर बसून काढल्या. सोमवारी सोनोग्राफी झाली आणि तो जुन्या शस्त्रक्रियेच्या जागचा बदल निघाला, पण ते दोन दिवस अजून अंगातून गेलेले नाहीत.

घरात सगळे प्रेमाने ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणतात. पुण्याचे दीर म्हणतात, ‘दरवर्षी एकदा पूर्ण शरीराचा पेट स्कॅन करून टाकू, म्हणजे मनाला स्वस्थता मिळेल, पैशाचे मी बघतो.’ मलाही तो मोह होतो. आमचे डॉक्टर मात्र तक्रार नसेल तर त्याची गरज नाही म्हणतात, आणि मग ते काही हातचे राखून तर बोलत नाहीत ना, असाही विचार डोकावून जातो. आपण हे दिवस कसे काढता?

पहाटवारा

ताई, माझ्या उपचारांना यंदा नऊ वर्षे झाली आणि तुमचे पत्र वाचताना पहिल्या तीन वर्षांतल्या माझ्याच वहीतले पान वाचते आहे असे वाटले. भीती पूर्णपणे जाते असे मी लिहिणार नाही. पूर्वी ती महिनाभर आधी येऊन बसायची, आता चार दिवस आधी येते आणि परतीच्या एसटीत उतरते, इतकाच काय तो फरक.

मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट अगदी व्यवहारातली आहे. आधी डॉक्टरांची वेळ घ्यायची आणि त्या वेळेच्या हिशेबाने तपासणीची वेळ मागायची, हा क्रम मी उलटा केला. आपण सहसा तपासणी कुठे लवकर होते ते पाहतो आणि मग डॉक्टर कधी भेटतील याची वाट बघत बसतो. खरा छळ त्या मधल्या दिवसांत असतो. सकाळी मॅमोग्राफी आणि त्याच दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर, असे जुळत नसेल तर मी आठवडाभर पुढची तारीख घेते, पण मध्ये शनिवार-रविवार येऊ देत नाही. दुसरे म्हणजे रिपोर्टसाठी मी माझा नंबर देतच नाही, यजमानांचा देते, आणि डॉक्टरांसमोर बसेपर्यंत ती लिंक उघडायची नाही असा आमच्यात करार आहे. एकदा त्यांनी तो मोडला होता. त्यांच्या चेहऱ्यावरून मला जेवतानाच कळले. रिपोर्ट चांगला होता, तरीही मी दोन दिवस अबोला धरला.

व्रण चाचपण्याबद्दल सांगते. मी दिवसातून वीसवीस वेळा हात लावत असे आणि सतत दाबून दाबून ती जागा दुखायला लागली, मग दुखते म्हणून पुन्हा भीती. शेवटी आमच्या परिचारिकेने सांगितले की महिन्यातून एक तारीख ठरवा, त्या दिवशी आंघोळीच्या वेळी शांतपणे, बोटांच्या सपाट भागाने तपासा, आणि जे लागले ते वहीत लिहून ठेवा. एरवी हात तिकडे गेला की त्याला दुसरे काम द्या. मी लसूण सोलायला घेते. आमच्या घरी त्या महिन्यात लसणाची चटणी फार होते.

आणि एक कबुली. चौथ्या वर्षी मी घाबरून तपासणी पाच महिने पुढे ढकलली. मुलीची दहावी आहे, सासूबाईंचे डोळ्याचे ऑपरेशन आहे, अशी कारणे तयारच होती. काही निघाले नाही, हे माझे नशीब. पण ते पाच महिने मी रोजच घाबरलेली होते. तेव्हा तारीख मात्र चुकवू नका.

क्षकिरण

मी रेडिऑलॉजिस्ट आहे आणि रोज असे फोटो वाचणे हेच माझे काम आहे, म्हणून मागच्या वर्षी नेमके काय झाले असावे ते सांगतो. तुमचे फोटो किंवा तुमची फाईल मी पाहिलेली नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दाच्या वरचा समजावा.

‘वर्ग ०’ हा आकडा फार गैरसमज निर्माण करतो. ० ते ६ अशा या मोजपट्टीत शून्याचा अर्थ ‘एवढ्या फोटोंवरून मत देता येत नाही, आणखी कोन, सोनोग्राफी किंवा जुने फोटो हवेत’ इतकाच आहे. तो रोगाबद्दलचा निष्कर्ष नसून आमच्या अपुऱ्या माहितीची नोंद आहे. १ म्हणजे काहीही आढळले नाही, २ म्हणजे निरुपद्रवी बदल. ३ मध्ये धोक्याची शक्यता २ टक्क्यांपर्यंतच धरलेली असते आणि म्हणून साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. ४ आणि ५ असेल तर तुकडा काढून तपासायला सांगितले जाते, आणि ६ निदान आधीच सिद्ध झालेले असेल तेव्हा वापरतात. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झालेल्या स्तनात त्वचा जाड होते, व्रणाच्या ओढीने रेषा उमटतात, काही वेळा चरबीचा भाग मृत होऊन तिथे गाठीसारखी छाया किंवा चुन्याचे कण दिसतात. उपचारांनंतरच्या पहिल्या काही तपासण्यांत जादा फोटो काढावे लागणे यात नवल नाही. तंत्रज्ञ पुन्हा आत बोलावते तेव्हा पुष्कळदा काखेकडचा भाग फोटोत नीट आलेला नसतो. तिच्या चेहऱ्यावरून काही वाचू नका. ती दिवसभरात कित्येक स्त्रियांसमोर तोच चेहरा ठेवते.

यंदा एक काम आवर्जून करा. जुने फोटो आणि सीडी सोबत घेऊन जा, नुसते रिपोर्टचे कागद नव्हेत. मागच्या वर्षीही तिथेच असलेली छाया आणि या वर्षी नव्याने उमटलेली छाया यांतला फरक कागदावरच्या चार ओळींवरून मला कळत नाही, फोटो शेजारी ठेवले की अर्ध्या मिनिटात कळतो. ज्या केंद्रात मागच्या वेळी गेला होतात तिथेच गेलात तर उत्तम. रेडिएशन झालेली बाजू दाबली जाताना अधिक दुखते, तेही तंत्रज्ञाला आधी सांगून ठेवा.

आता पेट स्कॅनविषयी. तुमचे डॉक्टर काही लपवत नाहीत. लवकरच्या टप्प्यातील स्तनाच्या कर्करोगावर उपचार पूर्ण झाल्यानंतर पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी, पुढची दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, आणि दरवर्षी मॅमोग्राफी, हीच रूढ शिफारस आहे. तक्रार नसताना पेट, हाडांचा स्कॅन किंवा रक्तातील सीए १५-३ सारख्या कर्करोगाची खूण शोधणाऱ्या तपासण्या नेमाने करू नयेत असेच ती सांगते. इटलीतील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत मिळून अडीच हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. एका गटाला ठरावीक काळाने छातीचे एक्स-रे आणि हाडांचे स्कॅन, दुसऱ्याला फक्त डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राफी. दोन्ही गटांतील स्त्रियांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. त्या चाचण्यांत पेट नव्हता हे खरे, परंतु तक्रार नसलेल्या स्त्रीचे आयुष्य पेटमुळे वाढते असे आजवर कोणी दाखवून दिलेले नाही.

शिवाय पेटमध्ये साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य टोचतात आणि ज्या पेशी ते अधिक शोषतात त्या उजळ दिसतात. कर्करोगाच्या पेशी शोषतात तशाच सूज आलेल्या आणि जंतुसंसर्ग झालेल्या पेशीही शोषतात. आपल्या देशात क्षयरोग किती आहे ते आपण जाणता. छातीतल्या ग्रंथी क्षयामुळे उजळल्या, मग सुईने तुकडा काढला, मग दहा दिवस वाट पाहिली, अशी उदाहरणे माझ्यासमोर वारंवार येतात. दिरांना स्वस्थता विकत घेऊन द्यायची आहे, त्यांचा हेतू चांगलाच आहे, पण त्यातून वाट पाहण्याचे आणखी दहा दिवस पदरात पडण्याचा संभव बराच आहे.

निशिगंध

आपले मनापासून आभार. शून्याचा अर्थ एका गणिताच्या शिक्षिकेला वर्षभर कळला नव्हता, याचे हसू आले. मात्र एक शंका राहते. तक्रार असेल तरच स्कॅन म्हणायचे, तर तक्रार कशाला म्हणावे? पाठ तर फळ्यासमोर उभे राहूनही दुखते.

घाटमाथा

मी कर्करोग विभागात समुपदेशक म्हणून काम करते आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक भेटीत निघतो. आमचे डॉक्टर रुग्णांना सोपा नियम सांगतात: दुखणे नवीन आहे का, कारणाशिवाय आले आहे का, आणि दोन आठवड्यांनंतरही टिकून किंवा वाढत आहे का. उभे राहून दुखणारी आणि रविवारी थांबणारी पाठ ही त्यातली नव्हे. रात्री झोपेतून उठवणारे एकाच जागचे हाडाचे दुखणे, न थांबणारा खोकला किंवा धाप, उगाच घटणारे वजन, सतत वाढत जाणारी डोकेदुखी, आणि व्रणावर, काखेत किंवा दुसऱ्या स्तनात नवी गाठ किंवा पुटकुळी, या गोष्टी पुढच्या तारखेची वाट न पाहता सांगायच्या असतात. आपण टॅमॉक्सिफेन घेत आहात, तेव्हा पाळीबाहेरचा किंवा पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव हाही त्याच यादीत धरा.

मनाबद्दल थोडे. ‘विचार करू नकोस’ असे स्वतःला बजावणे बहुधा अंगाशी येते. त्यापेक्षा संध्याकाळची वीस मिनिटे काळजीसाठी राखून ठेवा, त्या वेळात मनात येईल ते कागदावर लिहा, आणि पहाटे तीनला तोच विचार आला की ‘तुझी वेळ साडेपाचची’ असे म्हणून त्याला परत पाठवा. हे वाचताना पोरकट वाटते, पण आठ-दहा दिवस चिकाटीने केलेल्या बऱ्याच जणींना फरक पडलेला मी पाहिला आहे. रोग उलटण्याच्या भीतीवर ऑस्ट्रेलियात खास पाच सत्रांची उपचारपद्धती तयार करून तिची चाचणी घेण्यात आली, आणि तिचा गाभाही हाच आहे की भीती घालवण्यामागे न लागता तिच्याकडे दिले जाणारे लक्ष आपल्या ताब्यात घ्यायचे.

तारीख उलटून रिपोर्ट चांगला आल्यावरही झोप परतली नाही, शाळेचे काम होईना, किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले, तर ती नुसती तपासणीची भीती राहिलेली नसते आणि तिच्यावर उपचार होतात. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्याची वेळ आली तर टॅमॉक्सिफेन घेत असल्याचे न विसरता सांगा, कारण पॅरॉक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन यांसारखी काही नैराश्यविरोधी औषधे टॅमॉक्सिफेनचे शरीरात परिणामकारक स्वरूपात होणारे रूपांतर अडवतात. त्याऐवजी देता येतील अशी इतर औषधे आहेत.

जोडीदार

मी रुग्ण नाही, एका रुग्णाचा नवरा आहे. ‘काही होत नाही गं’ हे वाक्य मी चार वर्षे म्हणत आलो. गेल्या वर्षी बायकोने विचारले, ‘तुम्हाला कसे माहीत?’ आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. मी ते वाक्य तिच्यासाठी म्हणतच नव्हतो, स्वतःसाठी म्हणत होतो. आता तपासणीच्या आदल्या रात्री मीही सांगतो की मला भीती वाटते आहे. मग आम्ही दोघे फाईल लावतो, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहितो आणि नातेवाइकांना तारीख कळवतच नाही, निकालच कळवतो. आपल्या यजमानांनाही हे वाचायला द्यावे, अशी विनंती.

निशिगंध

यजमानांना वाचायला दिले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘१८ तारखेला मी रजा टाकतो.’ रुग्णालयात फोन करून पाहिला तर सकाळी साडेनऊला मॅमोग्राफी आणि दुपारी तीनला डॉक्टर असे त्याच दिवशी जुळले. हे मागच्या वर्षीही जुळले असते, मी विचारलेच नव्हते. दिरांना क्षकिरण यांचे उत्तर जसेच्या तसे पाठवले आहे, त्यावर त्यांचा अजून फोन आलेला नाही.

जुने फोटो माळ्यावरच्या ट्रंकेत गोधड्यांखाली सापडले. पाकिटावर माझ्याच अक्षरात ‘टाकू नये’ असे लिहिलेले होते. पहाटे तीनला आजही जाग आली. लसूण घरात नव्हता, म्हणून शेंगा सोलल्या. १८ तारखेनंतर लिहीन.