अथेन्सची हॅम-चीजची पिता इंदूरच्या ओटीजीत: वरून चुरा, खालून लगदा

इंदूरची_वहिनी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण दोनदा फसल्यावर लिहिते आहे, त्यामुळे सगळं सांगते.

मागच्या ऑक्टोबरात आम्ही दोघं अथेन्सला गेलो होतो. सकाळी साडेसातला ह्यांना भूक लागली. आम्ही पक्के इंदूरचे, पोहे-जलेबीशिवाय आमचा दिवस उजाडत नाही. मोनास्तिराकीच्या मेट्रोजवळ एका बेकरीतल्या बाईनं बोटानं दाखवलेली वस्तू कागदात गुंडाळून हातात ठेवली. चौकोनी, तळहाताएवढी, चटका बसेल इतकी गरम. आत हॅम आणि चीज. (असल्या भरून भाजलेल्या वस्तूला तिथे 'पिता' म्हणतात.) वरचे पापुद्रे ह्यांच्या स्वेटरभर झाले. पुढचे पाच दिवस पोह्यांचं नाव निघालं नाही, यावरून काय ते समजा.

घरी आल्यावर ठरवलं, करायचीच. इंटरनेटवर सगळीकडे 'फिलो' (मैद्याची कागदासारखी पातळ पानं) लिहिलेलं, म्हणून ऑनलाइन फिलोचं फ्रोझन पाकीट मागवलं. हॅम महूहून आणलं. (आता डॉ. आंबेडकर नगर म्हणतात, पण आमच्या तोंडी अजून महूच. छावणीचं गाव, तिथे असल्या वस्तू मिळतात.) चीज म्हणजे अमूलचे क्यूब आणि एक फेटाचा डबा.

पहिल्या वेळी पाकीट ओट्यावर ठेवून तासाभरात उघडलं. पानं एकमेकांना चिकटलेली, सोडवायला गेले तर चिंध्या. दुसऱ्या वेळी रात्रभर खाली फ्रीजमध्ये ठेवलं, पानं छान सुटली. पण मे महिना, बाहेर ४२ डिग्री, डोक्यावर पंखा. तिसऱ्या पानाला लोणी लावेपर्यंत बाकीची उडदाच्या पापडासारखी कडक. हात लावला की तुकडा. तरी रेटून केली. वरून रंग सुरेख आला, खाली लगदा. आणि इतकी खारट, की ह्यांनी दही मागितलं.

आमच्याकडे ओटीजी (विजेची छोटी भट्टी) २८ लिटरचा, खालचा-वरचा रॉड वेगळा लावता येतो. ट्रे काचेचा. सासूबाई ८१ वर्षांच्या, अंडं-मटण काही खात नाहीत. त्यामुळे हॅमची पाळी आली की ओटीजी मागच्या गॅलरीत जातो. त्यांची तक्रार नाही, पण त्यांच्यासाठीही काही करता आलं तर बरं वाटेल, कारण वास घरभर जातो आणि त्या विचारतात, "काय गं, नानकटाई का?"

मला पाककृतींचे दुवे नकोत, ते पन्नास वाचले. चुकतंय कुठे ते सांगा.

शुद्ध_तूप

वहिनी, इंदूरला राहून हा खटाटोप कशाला? भुट्ट्याचा कीस करा, खायला सराफ्यात जा, ५६ दुकानला जा. परदेशातले पदार्थ परदेशातच चांगले लागतात.

जहाजी

वहिनी, मी मूळ ग्वाल्हेरचा, लष्करात बालपण गेलं (बाजारवाल्या लष्कर भागात, फौजेत नव्हे). आता जहाजांच्या कामानिमित्त नऊ वर्षं पिरेअसला (अथेन्सचं बंदर) आहे. तुमची चूक हातात नाही, खरेदीत आहे. तुम्ही खाल्लीत एक आणि करताय दुसरीच.

पदार्थाचं नाव झाम्बोनोतिरोपिता. झाम्बोन म्हणजे हॅम, तिरी म्हणजे चीज, पिता म्हणजे असं भरून भाजलेलं काहीही. बेकरीत सकाळी हातात मिळते ती बहुतेक वेळा 'स्फोल्याता'ची असते, म्हणजे पफ पेस्ट्री, आपल्या खारीची बहीण. तिच्यात लोणी आधीच घड्या घालून लाटलेलं असतं. स्वेटरवर पापुद्रे सांडले म्हणताय म्हणजे तीच. फिलो वेगळं. फिलो म्हणजे पान. मैदा, पाणी, थोडं तेल, बस. त्यात स्निग्धपणा नाहीच, तो तुम्ही पानापानाला लावायचा. त्याची पिता घरी होते, मोठ्या ट्रेमध्ये, आणि चौकोन कापून वाढतात. दोन्ही खरी. पण एकीची आठवण धरून दुसरी केलीत, तर मन भरणार नाही.

आता फिलोबद्दल. ग्रीसमध्येही पानं वाळतातच, म्हणून बाया वर कोरडं फडकं आणि त्यावर घट्ट पिळलेलं ओलं फडकं टाकतात. ओलं फडकं थेट पानावर टाकलं तर पुन्हा लगदा. तुमच्या मेमध्ये पंखा बंद करावा लागेल, घाम आला तरी. आणि सारण, वितळलेलं लोणी, ब्रश, ट्रे सगळं मांडून झाल्यावरच पाकीट उघडा.

खालचा लगदा तीन गोष्टींनी होतो. काचेचा ट्रे हळू तापतो, त्याऐवजी पातळ पत्र्याचा घ्या. पाकिटातल्या हॅमला पाणी असतं, फडक्यानं टिपून मग चिरा. आणि सारणातला व्हाइट सॉस गरम ओतलात का? गरम सॉसनं खालची पानं भट्टीत जायच्या आधीच भिजतात. सॉस घट्ट करा: अर्धा लिटर दुधाला ६० ग्रॅम लोणी, ७० ग्रॅम मैदा, पूर्ण गार होऊ द्या, मग दोन अंडी. तळाच्या पानांवर मूठभर बारीक रवा भुरभुरा, इथे बऱ्याच पितांत ओल शोषायला घालतात. ट्रे सगळ्यात खालच्या कप्प्यात, १८० डिग्री, ४५ ते ५० मिनिटं. वरची पानं भाजायच्या आधी सुरीनं कापून ठेवा आणि हातानं पाण्याचे चार शिंतोडे मारा. नंतर कापायला गेलात तर पानं सगळी उधळतात.

खारटपणाचं तर उघड आहे. फेटा मिठाच्या पाण्यातच मुरतो, त्यात हॅम, त्यात क्यूब. सॉसमध्ये मिठाचा कणही नको, जायफळ मात्र हात सैल सोडून. आणि हॅमबरोबर इथे बहुतेक पिवळं चीज घालतात, कासेरी किंवा सरळ गौडा. फेटा हवाच असेल तर अर्धा तास साध्या पाण्यात ठेवून थोडासा. अस्सल फेटा मेंढीच्या दुधाचा, फार तर ३० टक्के शेळीचं. २००२ पासून युरोपात ते नाव ग्रीसलाच राखीव आहे. तुमच्या डब्यावर गाईचं दूध लिहिलं असेल तर तो जास्त आंबट-खारट लागू शकतो.

राहता राहिलं फाटलेलं पाकीट. फेकलं नाहीत ना? इथे फाटक्या पानांचीच एक पिता करतात: पात्सावुरोपिता. पात्सावुरा म्हणजे ओटा पुसायचं फडकं. आपल्या भाषेत पोतेरं-पिता म्हणा. पानं मुद्दाम चुरगाळून, कशीही, ट्रेमध्ये दाटीनं बसवायची. मधल्या खळग्यांत हॅमचे तुकडे आणि किसलेलं चीज. वर १०० ग्रॅम वितळलेलं लोणी शिंपडून दहा मिनिटं नुसतं भाजायचं, कडा कुरकुरल्या की ३ अंडी अर्ध्या लिटर दुधात फेटून वर ओतायची. पुन्हा ३५-४० मिनिटं. माझी शेजारीण, म्हातारी, निम्म्या दुधाऐवजी साधा सोडा घालते, बाटलीतला बिनगोडीचा. त्यानं हलकी होते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं हिचं काही खरं नाही. सोपी म्हणाल तर हीच. लाटणं नाही, ब्रश नाही, घाई नाही.

खारी_बिस्कीट

मी बडोद्याची. जहाजीदादांनी खारी म्हटलं म्हणून लिहिते, नाहीतर मला ग्रीसचं काही कळत नाही.

ताई, जिथे खारी बनते तिथे कच्चं पीठ मिळतं. आम्ही रावपुऱ्याजवळच्या एका बेकरीवाल्या भाईंकडून न भाजलेल्या खारीचं पीठ किलोनं घेतो, घरी पॅटिस करायला. दुपारी जायचं, ते लाटत असतात तेव्हा. सकाळी गेलं की "बेन, सब भट्टी में गया." इंदूरलाही पॅटिस तर गल्लोगल्ली मिळतात, विचारून बघा. एवढंच, की त्यात लोणी नसतं, वनस्पती किंवा मार्गारीन असतं, त्यामुळे तोंडात किंचित मेणचट थर राहतो. लोण्याचं हवं तर फ्रोझन पफ पेस्ट्री घ्या आणि डब्यावरचं बारीक वाचा.

मी शिकले ते चुकून चुकून. पीठ गार हवं. गरम झालं की आतलं तूप पिठात मुरतं आणि पदर सुटत नाहीत, जाड पुरी होते. भरून झाल्यावर ट्रेसकट वीस मिनिटं फ्रीजमध्ये. ओटीजी २०० वर आधीच तापलेला हवा, पिठातल्या पाण्याची वाफ झटक्यात होते तेव्हाच पदर उचलले जातात. दहा मिनिटांनी १८० करा, आणखी वीस-पंचवीस मिनिटं. वर अंडं किंवा दूध लावताना कापलेल्या कडेवरून ओघळू देऊ नका, कडा चिकटल्या की ती बाजू फुगतच नाही. माझ्या पहिल्या खेपेला सगळे पॅटिस एका बाजूला मान टाकून बसले होते.

सासूबाईंसाठी: दुधी किसून, मीठ लावून, पिळून काढा. पनीर कुस्करून त्यात थोडं घट्ट दही आणि मिरपूड. पनीर वितळत नाही, तसा फेटाही फारसा वितळत नाही, त्यामुळे चावताना तसंच लागतं. अंड्याची गरज नाही. पण दुधी खरंच पिळा हं, नाहीतर पुन्हा लगदा म्हणून आम्हाला बोल लावाल.

शुद्ध_तूप

दुधीचं चांगलं वाटतंय. हॅमवाल्यात मला रस नाही.

इंदूरची_वहिनी

मंडळी, रविवारी दोन्ही केल्या. सविस्तर सांगते.

आधी पोतेरं-पिता, कारण फाटलेलं पाकीट फ्रीजरमध्ये होतंच. (फेकलं नव्हतं. चिंध्यांची गोधडी शिवणाऱ्या घरातली मी.) पंखा बंद, गॅलरीत उभी, पदर घामानं चिंब, पण पानं चुरगाळायला मजा आली. इतकी वर्षं पदार्थ नीट दिसावा म्हणून जीव टाकला आणि इथे बिघडवायचीच परवानगी! हॅम २०० ग्रॅम, टिपून. टिपलं तेव्हा फडकं ओलं झालं, म्हणजे चोर सापडला. फेटा वगळला, गौडा २५० ग्रॅम, त्यात दोन क्यूब. क्यूब का ते सांगते: नुसता गौडा मागे एकदा तेल सोडून बसला होता. क्यूबमध्ये ते क्षार असतात ना, त्यानं वितळूनही मऊच राहतं, फाटत नाही. सोड्याची पुरती हिंमत झाली नाही, थोडाच घातला, बाकी दूध. फसफसून वर आलं तेव्हा हे मागे उभे राहून हसून राहिले होते.

ट्रे पत्र्याचा, शंकरपाळ्यांचा जुना. तळाला रवा. ३५ मिनिटांनी वर काढून हलवून पाहिलं, मधे डुलत होतं, म्हणून आठ मिनिटं आणखी. मग वीस मिनिटं हात लावला नाही. ह्यांना तेवढा वेळ थांबवणं हे सगळ्यात अवघड काम होतं. तळ सुका! पूर्ण कुरकुरीत नाही म्हणणार, पण चौकोन उचलला की उचलला जातो, लोंबत नाही. खारटपणा बरोबर. जायफळ मी निम्मं घातलं, पुढच्या वेळी पूर्ण घालीन.

ह्यांनी पहिला घास घेतला आणि उठून स्वयंपाकघरातून जीरावनची (पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची) डबी आणली. मी म्हटलं, अहो, ग्रीक आहे ती. तर म्हणाले, "असेल, आता तर इंदुरात आहे ना." जहाजी, तुमच्या शेजारणीला सांगू नका, पण बरं लागतं.

दुसरी खारीच्या पिठाची. आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्यानं आधी संशयानं बघितलं, वाटलं असेल मी धंदा काढतेय. अर्धा किलो दिलं. सहा हॅमच्या, चार दुधी-पनीरच्या. दुधीच्या आधी भाजल्या, आत स्वयंपाकघरात. मग ओटीजी बाहेर नेला आणि हॅमच्या. कडा सांभाळल्या, तरी दोघींनी मान टाकलीच. पण चावा घेतल्यावर पापुद्रे पुन्हा ह्यांच्या शर्टावर, आणि तेव्हा कळलं की जहाजी म्हणाले ते खरं. मोनास्तिराकीची ती हीच होती. तो मेणचट थर मात्र जाणवला. पुढच्या वेळी लोण्याची आणीन, पैसे लागतील ते लागोत.

सासूबाईंनी एक पूर्ण खाल्ली आणि अर्धी संध्याकाळच्या चहाला ठेवली. म्हणाल्या, खारीत भाजी भरायची ही पद्धत आमच्या वेळी नव्हती. शुद्ध_तूप, तुमच्यासाठी: पावसाळ्यात मका आला की कीस भरून करणार आहे.

एक विचारायचं राहिलं. पोतेरं-पितेचे चार चौकोन उरले होते. सोमवारी सकाळी मी तव्यावर मंद आचेवर, झाकण न ठेवता गरम केले, तूप नाही, काही नाही. तळ उलट आदल्या दिवसापेक्षा कडक झाला. तिकडे कसं करतात?

जहाजी

तसंच करा, किंवा ओटीजीत दहा मिनिटं १६० वर. मायक्रोवेव्ह नको, चामट होते. शेजारीण तर गरमच करत नाही, गार तुकडा कॉफीत बुडवते. आणि जीरावनचं तिला सांगितलं. एक पुडी मागितली आहे.